दुसरं बाळ मोठं आहे म्हणाले? मग हे आधीच करून ठेवा

नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाचं वजन ४.१ किलो लिहून आलं, सासूबाई खूश की गुटगुटीत बाळ येणार, आणि मी रात्रभर जागी, कारण पहिली ३.४ ची होती आणि तेव्हाचे टाके मला अजून आठवतात. निघालं किती? ३.७. म्हणून पहिलं हेच सांगते, तो आकडा अंदाज असतो. मशीन काय बाळाला तराजूत घालत नाही, डोकं, पोट, मांडीचं हाड मोजून हिशोब काढतं, त्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतंच. आणि दुसरं बाळ पहिल्यापेक्षा थोडं वजनदार असणं तसंही कॉमन आहे.

पण शुगर चेक झालीये का ते नक्की बघा. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात ती टेस्ट, १४० किंवा वर आली तर शुगर धरतात. सहाव्या महिन्याच्या आसपास नॉर्मल आली होती म्हणून गप्प बसू नका, नंतर बाळ एकदम वाढलं तर परत करायची का ते डॉक्टरांना विचारा. आईची शुगर जास्त असली की बाळाच्या खांद्या-पोटावर चरबी चढते, खरा त्रास तिथे होतो. शुगर निघाली तर उपाशी राहायचं नाही हां, आणि "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हे पण ऐकायचं नाही. भात कमी, भाजी-डाळ जास्त, जेवून वीस मिनिटं बिल्डिंगखाली चक्कर, चहात बुडवून खायची बिस्किटं बंद (मला हेच सगळ्यात जड गेलं). इन्सुलिन दिलं तर घाबरू नका, ते बाळापर्यंत पोचत नाही.

आता डॉक्टरांशी बोलणं. मोठं बाळ म्हणजे सिझरच, असं नसतं. अमेरिकेत तर शुगर नसेल तर ५ किलो आणि असेल तर ४.५ किलो अंदाज आल्यावर ठरवून सिझरचा विचार करा म्हणतात, आपल्याकडे आईची उंची-बांधा बघून त्याआधीही करतात, आणि पहिलं सिझर असेल तर गणित वेगळंच. मी कागदावर लिहून नेलेलं, नाहीतर केबिनमध्ये गेलं की सगळं विसरायला होतं. पहिला प्रश्न, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला तर तुम्ही काय करता? उत्तर साधारण असं हवं की जोर लावायचा थांबवतो, आईचे दोन्ही गुडघे तिच्या छातीशी घेतो, ओटीपोटाच्या हाडाच्या वर दाबतो. पोटावर वरून दाबणं मात्र अशा वेळी चूक, खांदा अजून अडकतो. दुसरा, रात्री बाळाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? तिसरा रक्ताचा, लागलं तर किती वेळात मिळेल, कारण मोठ्या बाळाने गर्भपिशवी जास्त ताणलेली असते आणि नंतर रक्त जास्त जाऊ शकतं. हिमोग्लोबिन आत्ताच वर आणा, गोळ्या नुसत्या डब्यात ठेवू नका.

बाळ झाल्यावर पहिल्या तासात अंगावर घ्या. आईला शुगर असेल तर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याची शुगर बघतात, ती कमी झालेली असू शकते. आणि तुमची स्वतःची सहा आठवड्यांनी परत करा, ही सगळ्याच जणी विसरतात.

झबली दोन-तीनच घ्या, पंधरा दिवसात आखूड होतात.

आता पोचायचं. दुसऱ्या वेळी कळा पटापट वाढतात, पहिल्यासारखं घरी पाच मिनिटांचं घड्याळ बघत बसू नका, नियमित यायला लागल्या की फोन करा आणि निघा. आम्ही चिंचपोकळीला, हॉस्पिटल दादरला, डेट नेमकी गणपतीत. एरवी वीस मिनिटं, पण त्या दहा दिवसांत लालबागच्या गर्दीतून गाडी काढून दाखवा! नवऱ्याने आदल्या आठवड्यात रात्री अकराला जाऊन बघितलं तर पन्नास मिनिटं लागली, तेव्हाच ठरलं, गणपती बसायच्या आदल्या दिवशी मुलीला घेऊन मावशीकडे माटुंग्याला मुक्काम. तुमच्याकडे अशी मावशी नसेल तर पावसात पाणी तुंबणारे रस्ते सोडून दुसरा रस्ता ठरवून ठेवा, १०८ नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे.

आणि मोठ्या मुलाची सोय पहिली करा, बॅग नंतर. रात्री अडीचला कोण उठेल ते आधी विचारून ठेवा. मी मावशीसाठी कागदावर लिहिलं होतं, दूध स्टीलच्याच पेल्यात, उशी निळी, पंखा दोनवर, आई कुठे विचारलं तर बाळ आणायला गेली सांग. बरं झालं लिहिलं, कारण कळा सुरू झाल्यावर मला स्वतःची फाईल कुठे आहे ते पण सुचलं नाही, ती मावशीच्या फ्रिजवर होती.