अमेरिकेत नवीन आलात? भारताची वेळ अशी धरा

भारताचं घड्याळ बाराही महिने तेच असतं, बदलतं ते इथलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे 2 वाजता ते तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे येतं. त्यामुळे न्यू जर्सीहून भारत उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. शिकागो-डॅलसला त्यात एक तास मिळवा, डेन्व्हरला दोन, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) तीन. फिनिक्सला घड्याळ बदलत नाही, तिथे कायम साडेबारा तास. जुनी मंडळी "साडेदहा धर, झालं" असं सांगतात. ते पूर्व किनाऱ्यावर फक्त हिवाळ्यात आणि शिकागो-डॅलसला फक्त उन्हाळ्यात खरं आहे.

बोटं मोजण्यापेक्षा सकाळची संध्याकाळ करा, संध्याकाळची सकाळ. मग पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात अडीच तास वजा करा, हिवाळ्यात दीड. जुलैत न्यू जर्सीतल्या एडिसनला रात्रीचे 9 वाजले, तर सकाळचे 9 उणे अडीच, म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. आई उठलेली असते, फोन करायला हरकत नाही. बे एरियात उलट मिळवायचं : उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात दीड.

मीटिंग ठरवताना जुलैत 'ईएसटी' लिहू नका. ती पूर्व किनाऱ्याची हिवाळ्यातली वेळ आहे आणि काही कॅलेंडरं ती शब्दशः घेतात, मग तासाचा घोळ होतो. शहराचं नाव लिहा : न्यूयॉर्क वेळ, मुंबई वेळ. लंडनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क-लंडन अंतर पाचऐवजी चार तास असतं.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. आईवडिलांच्या मुंबईहून निघणाऱ्या तिकिटावर 'शनिवार 00:40' (शुक्रवारची मध्यरात्र उलटून 40 मिनिटं) असेल, तर त्यांनी शुक्रवारी रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर पोचायचं. शनिवारी रात्री गेले तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं, आणि बहुतेक कंपन्या न आलेल्या प्रवाशाचं परतीचं तिकीटही रद्द करतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाची स्थानिक असते, त्यात काही मिळवू नका, वजा करू नका. तिकीट पाठवताना सोबत मराठीत लिहा : "शुक्रवारी संध्याकाळी अमुक वाजता घरातून निघा." नुसती पीडीएफ पाठवणं पुरेसं नाही.

पंचांगाचंही सांभाळा. भिंतीवरच्या मुंबईच्या कॅलेंडरातली तिथी संपण्याची वेळ इथल्या वेळेत बदलून घेता येते, चंद्रोदयाची नाही. संकष्टीला तुमच्या गावचा चंद्रोदय बघा. एकादशीही कधी इथे एक दिवस आधी येते : तिथी मुंबईत मंगळवारी सकाळी 8 ला संपली, तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कला ती सोमवारी रात्री साडेदहालाच संपते, मंगळवारच्या सूर्योदयाला नसतेच. उपास धरण्याआधी आपल्या शहराचं पंचांग उघडा.