हेडफोनची पिन बदलताय? माप जुळलं म्हणजे पिन जुळली असं नाही

हेडफोनची वायर बहुतेक वेळा पिनेच्या मुळाशीच तुटते. आधी एका कानातला आवाज येतो-जातो, वायर वाकडी धरली की पुन्हा सुरू होतो, आणि मग एके दिवशी कायमचा जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन ‘साडेतीनची पिन द्या’ म्हटलं की लगेच मिळते. घोळ त्यानंतर सुरू होतो, कारण ३.५ मिलिमीटर ही नुसती जाडी झाली. पिनेवर कप्पे किती, कुठला कप्पा कशासाठी आणि पिनेचं कव्हर केवढं, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

रेघा न मोजता पिन घेणं

पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा म्हणजे तीन कप्पे: टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची, बुडाचा भाग ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची सामाईक परतीची वाट. तीन रेघा म्हणजे चार कप्पे, त्यात माइकही आला. जुन्या पिनेवर तीन रेघा असताना दोन रेघांची आणलीत तर गाणी वाजतील, पण फोनवर बोलणं संपलं.

चार कप्प्यांच्या क्रमाच्याही दोन पद्धती आहेत. आजच्या बहुतेक फोनमध्ये सीटीआयए चालते: टोकापासून डावा, उजवा, ग्राउंड, माइक. जुन्या काही फोनमध्ये ओएमटीपी होती, तिच्यात शेवटच्या दोघांची अदलाबदल असते. चुकीची जोडी पडली की मजेशीर प्रकार होतो. वाद्यं ऐकू येतात, गायकाचा आवाज मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखा पुसट. ग्राउंड तुटल्यामुळे दोन्ही कानांना डाव्या-उजव्यातला फक्त फरक पोचतो, आणि गायक दोन्हीकडे सारखाच असल्याने तो वजा होतो. खात्री करायची तर वायरवरचं माइकचं बटण दाबून धरा. आवाज भरून आला, तर दोष या अदलाबदलीचाच.

कपाच्या बाजूची पिन ‘साधी ऑक्स’ समजणं

वायर सुटी होणाऱ्या हेडफोनमध्ये खरी फसगत इथे होते. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स घ्या. त्याच्या कपात, म्हणजे कानावर बसणाऱ्या वाटीत, २.५ मिलिमीटरची तीन कप्प्यांची पिन जाते, पण सॉकेट खोल, अरुंद खाचेत आहे आणि पिन आत गेल्यावर फिरवून अडकवायची असते. बाजारातली २.५ची साधी वायर आणली तर तिचं जाड कव्हर खाचेच्या तोंडाशीच अडतं, पिन एक-दोन मिलिमीटर बाहेर राहते आणि एकच कान वाजतो. लोक मग हेडफोनच बिघडला म्हणतात. खरेदीआधी व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याची पट्टी) जुन्या पिनेची तीन मापं घ्या: धातूच्या भागाची जाडी, त्याची लांबी आणि कव्हरचा बाहेरचा व्यास. फोनला जाड केस असेल तर फोनकडच्या पिनेलाही हाच नियम.

सेनहायझरच्या एचडी ६०० आणि ६५० ला दोन काड्यांची पिन लागते. एक काडी जाड, एक बारीक, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते. अडली तर उलटी करून बघा, जोर लावू नका. एकेजीच्या के२४० ला तीन काड्यांचा मिनी एक्सएलआर (छोटा गोल कनेक्टर) लागतो: १ ग्राउंड, २ डावा, ३ उजवा. ऑडेझीच्या एलसीडी मालिकेतल्या बहुतेक हेडफोनना मिनी एक्सएलआरच असतो, पण चार काड्यांचा आणि प्रत्येक कपाला वेगळा.

आयईएममध्ये, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनमध्ये, ०.७८ आणि ०.७५ मिलिमीटरच्या काड्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. ०.७५च्या भोकात ०.७८ची काडी दाबून बसवता येते, पण भोक फाकतं आणि मूळची वायर पुढे कायम सैल बसते. काड्या उलट लागल्या तर आवाज बंद होत नाही, म्हणून चूक लवकर लक्षातच येत नाही. एकच बाजू उलटी असली की बास पातळ होतो आणि गायक मधोमध न राहता विखुरतो. काही आयईएमना काड्यांऐवजी एमएमसीएक्स हा गोल कनेक्टर असतो. तो मुळात रेडिओ लहरींच्या उपकरणांसाठीचा कनेक्टर, रोज काढ-घाल करण्यासाठी बनलेला नाही. तो गोल फिरतो म्हणून फिरवत बसू नका, काढताना सरळ ओढा.

बॅलन्स्ड पिन लावली की आवाज सुधारेल, ही समजूत

बॅलन्स्ड म्हणजे सामाईक ग्राउंड नाही, प्रत्येक कानाला स्वतःची धन आणि ऋण तार. म्हणून ४.४ किंवा २.५ मिलिमीटरची बॅलन्स्ड पिन लावायची तर हेडफोनमधून चार स्वतंत्र तारा बाहेर यायला हव्यात. एम५०एक्ससारख्या एकाच बाजूने वायर जाणाऱ्या हेडफोनच्या सॉकेटला तीनच कप्पे, म्हणजे ग्राउंड आतच एकत्र झालेला. अशा वायरला ग्राउंड दोन्ही ऋण कप्प्यांना जोडून ४.४ची पिन लावली, तर ॲम्प्लिफायरची दोन आउटपुट एकमेकांना शॉर्ट होतात. पिन पाच रुपयांची असो वा पाचशेची, जळतो तो ॲम्प.

चार तारा असतील तर क्रम पाठ करण्याऐवजी कागदावर लिहून समोर ठेवा. ४.४ मध्ये टोकापासून डावा धन, डावा ऋण, उजवा धन, उजवा ऋण. बुडाचा कप्पा ग्राउंडचा, हेडफोनसाठी तो मोकळा सोडायचा. २.५ मध्ये टोकाला उजवा ऋण, मग उजवा धन, डावा धन आणि बुडाला डावा ऋण.

सोल्डर करताना

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक: कव्हर आणि श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) वायरीत न ओवता सोल्डरचा डाग देणं. काम सुबक होतं, मग कव्हर टेबलावर दिसतं.

दुसरी चूक तारेची. हेडफोनच्या केसासारख्या तारांवर रंगीत इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लाखेसारखा, थर असतो आणि मध्ये धाग्याचा पीळ. साधारणपणे लाल उजवा, हिरवा किंवा निळा डावा, तांब्याच्या रंगाचा ग्राउंड. इनॅमल न काढता दिलेला डाग वरून चकचकीत दिसतो आणि आत काहीच जोडलेलं नसतं. लायटरने जाळू नका, तार ठिसूळ होते. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्या, रोझिन (सोल्डर धरायला मदत करणारी राळ) लावलेलं तारेचं टोक त्यात तीन-चार सेकंद बुडवून ठेवा. धूर येऊन तार चंदेरी झाली की थर गेला.

पिनेच्या कप्प्यांमध्ये प्लास्टिक असतं. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकलं की ते वितळतं, टोक तिरकं होतं आणि कप्पे एकमेकांना टेकतात. त्यासाठी डाग देताना पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा. तिथे ती सरळही राहते आणि उष्णताही सॉकेट ओढून घेतं.

कव्हर बंद करायच्या आधी

मल्टीमीटर २०० ओहमवर लावा, हेडफोन कशालाही जोडू नका. एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, तर टोक ते बूड आणि कडी ते बूड सुमारे ३८, टोक ते कडी सुमारे ७६ यायला हवं. एखाद-दुसरा ओहम इकडेतिकडे चालतो. टोक ते बूड ७६ आणि टोक ते कडी ३८ आलं तर ग्राउंड कडीला लागला आहे. शून्याजवळ आकडा म्हणजे शॉर्ट, बहुधा तारेचा एखादा केस शेजारच्या कप्प्याला टेकलेला. काहीच न दाखवलं तर इनॅमल शिल्लक आहे.

आकडे बरोबर आल्यावर वायरीचं बाहेरचं आवरण पिनेच्या पकडीत घ्या, सुट्या तारा नव्हे. पकड पक्कडीने दाबा, वायर पिनेजवळ चारही बाजूंना वाकवा आणि वाकवताना मीटरकडे बघा. आकडा जराही नाचला तर कव्हर लावू नका, डाग पुन्हा द्या.