सायकलवर घालायचं काय? आतला कपडा सीटसाठी, वरचा आपल्यासाठी

पहिल्यांदा सायकलवर खडकवासल्याला निघाले तेव्हा माझ्या अंगावर गुडघ्याखाली येणारा कॉटनचा कुर्ता, लेगिंग्ज आणि कमरेला गाठ मारलेली ओढणी असा थाट होता. वय एक्केचाळीस आणि सायकल भाच्याची. नांदेड फाट्याला सिग्नल लागला, मी ब्रेक मारून सीटवरून पुढे उतरायला गेले तर कुर्ता मागे सीटखालच्या लाल लाइटच्या क्लिपमध्ये अडकलेला, पाय जमिनीला टेकेचना, आणि मी वडापावच्या गाडीसमोर धपकन आडवी. त्या पोऱ्याने आधी सायकल उचलली, मग मला. घरी आल्यावर कळलं की कोपर खरचटलंय ते काहीच नाही, लेगिंग्जची मधली शिवण तीसेक किलोमीटर जिथे घासत होती तिथलं दुखणं आठवडाभर पुरलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. सायकलिंगची काळी टाइट पॅडवाली चड्डी घेतली (हो, आम्ही घरात चड्डीच म्हणतो, शॉर्ट्स वगैरे दुकानात) आणि सकाळी साडेपाचला लिफ्टमधून पार्किंगमध्ये आले तर समोर दूधवाला, वॉचमन आणि फिरायला निघालेले तीन काका. तशीच मागे फिरले, वर जाऊन त्या चड्डीवर जुनी ट्रॅक पँट चढवली आणि गेले. गंमत म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदा काहीच काचलं नाही आणि लाजही वाटली नाही. तेव्हा डोक्यात जे बसलं ते आजतागायत आहे: हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाच कपड्यात दोन्ही सोडवायला गेलं की दोन्ही फसतात. आतला थर सीटसाठी, त्यात तडजोड नाही. वरचा थर आपल्यासाठी, तिथे कुणाचं ऐकायचं नाही, 'अगं झाकून घे' म्हणणाऱ्या काकूंचंही नाही आणि 'एवढं काय लाजतेस, सगळे हेच घालतात' म्हणणाऱ्या ग्रुपमधल्या उत्साही लोकांचंही नाही.

आधी आतला थर. पॅडेड शॉर्ट्सच्या आत निकर घालायची नाही. हे सांगितलं की नव्या बायकांचा चेहरा बघण्यासारखा होतो, माझाही झाला होता. पण कारण साधं आहे, निकरच्या कडेची शिवण आणि इलॅस्टिक नेमकं मांडीच्या सांध्यात येतं, घाम तिथेच धरून ठेवतं, वर आपलं सगळं वजन आणि मिनिटाला साठ-सत्तर वेळा पाय वर-खाली, म्हणजे सोलवटणारच. पॅडचा कपडा घाम शोषून वाळणारा असतो आणि अंगाला लागते त्या बाजूला शिवण शक्यतो सपाट किंवा नसतेच. पूर्वी इथे साबरासारखं खरं चामडं लावायचे, शॅमॉय नावाच्या डोंगरी शेळीवजा प्राण्याचं, म्हणून आजही फोमच्या पॅडला शॅमॉयच म्हणतात.

घेताना बायकांचीच घ्या. नवऱ्याची किंवा भावाची ट्राय करून 'मला सायकलिंगच नको' या निर्णयाला आलेल्या दोघी मला माहीत आहेत. आपली बसायची हाडं सहसा जास्त रुंदीवर असतात, पॅड तिथे जाड हवं, आणि पुरुषांच्या पॅडची रचना मध्ये वेगळीच असते. जाड गादी म्हणजे आराम असंही नाही, डायपर घातल्यासारखं फुगलेलं पॅड तासाभराने गोळा होतं. साइज घट्टच बसायला हवी, पॅड अंगाला चिकटून राहिलं पाहिजे, सरकलं की घासलंच. लाज वाटते म्हणून एक साइज मोठी घेणं ही सगळ्यात कॉमन चूक, मीही केली, ढगळपणा वरच्या थरात आणा ना.

ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघून काही कळत नाही, कारण सायकलवर आपण उभ्या नसतोच. हँडल धरल्यासारखे हात पुढे करा, कमरेत वाका, एक गुडघा छातीकडे आणा. आता बघा: मागे शर्ट वर सरकून कंबर उघडी पडते का, पुढे गळा लोंबून आतलं दिसतं का, पोटाला इलॅस्टिक रुततं का. मग घरी आणून (टॅग काढायच्या आत) खिडकीच्या उन्हात पाठ करून पुन्हा वाका आणि बहिणीला किंवा मुलीला खरं सांगायला सांगा, कारण लायक्रा ताणला गेला की पारदर्शक होतो, ट्यूबलाइटमध्ये काळा दिसणारा कपडा उन्हात जाळीसारखा दिसतो. ग्रुप राइडला हे जास्त महत्त्वाचं, तिथे कायम कुणीतरी तुमच्या मागच्या चाकाला चिकटून चालवत असतं. फिकट रंग तर घामाने ओले झाले की विषयच संपला. आणि जुन्या शॉर्ट्स दर सहा महिन्यांनी परत उन्हात बघा, सीटवर घासून मागचा भाग विरतो आणि ते घालणारीला कधीच दिसत नाही.

आता वरचा थर, इथे मोकळं रान आहे. माझ्या ओळखीत पॅडेड शॉर्ट्सवर थ्री-फोर्थ घालणाऱ्या आहेत, स्कर्ट शिवून घेतलेल्या आहेत, पूर्ण लांबीची पॅडवाली टाइट्स आणि वर मांडीपर्यंतचा सैल टीशर्ट घालणाऱ्या आहेत आणि नुसत्या शॉर्ट्स-जर्सीवर बिनधास्त जाणाऱ्याही आहेत. वहिनी सलवार-कुर्त्यातच चालवते, आत पॅडेड लायनर (वरच्या कपड्याखाली घालायची पातळ पॅडवाली चड्डी), आणि आम्हा सगळ्यांच्या पुढे असते. फक्त तीन ठिकाणं सांभाळायची. सीटचं टोक, चेन आणि मागचं चाक.

सीटच्या टोकात पँटचं लोंबणारं आसन अडकतं, म्हणून पटियाला आणि हॅरम पँट बाद, चढावर पेडलवर उभं राहून परत बसताना कपडा टोकाला अडकला की पडणं ठरलेलं. चेन उजवीकडे असते, म्हणून उजवी मोहरी घोट्याशी आवळायची, वेल्क्रोची पट्टी मिळते, नाहीतर केसांचा जाड रबर. रबर लावायच्या आधी मोहरी घोट्याभोवती गुंडाळून बाहेरच्या बाजूला घडी घाला, आतल्या बाजूला घातली की घडी क्रँकला (पेडलच्या दांड्याला) घासते आणि ग्रीसचा डाग पडतो तो जन्माचा. आणि ओढणी. ओढणी नको म्हणजे नकोच. चाकात ओढणी गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, कमरेला बांधली तरी गाठ सैल होते. अंगावर ओढणीशिवाय चैन पडत नसेल तर वर पातळ जाकीट घाला, बिनबाह्यांचं, पुढे चेनवालं, छाती झाकली जाते आणि फडफडायला काही राहत नाही. डोक्यावर स्कार्फ किंवा हिजाब असेल तर पातळ, ताणला जाणारा, टोकं टीशर्टच्या आत, आणि मागे गाठ किंवा अंबाडा हेल्मेटखाली येऊ देऊ नका, हेल्मेट नीट बसत नाही आणि मग ते असून नसल्यासारखं.

कुर्त्यावर मी टेलरकडून एक उपाय करून घेतलाय. दोन्ही बाजूचे कट कमरेपर्यंत वर घेतले, आणि मागच्या बाजूला खाली आतून एक लूप, कमरेला एक बटन. सायकलवर बसायच्या आधी मागचा भाग वर घेऊन बटनात अडकवायचा, उतरलं की सोडून द्यायचा, ऑफिसात कुणाला कळतही नाही. मला वाटलं काय भारी शोध लावला मी! नंतर कळलं की लंडनमधल्या अॅलिस बायग्रेव्ह नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने १८९५ मध्ये अशाच स्कर्टचं पेटंट घेतलंय, पुढच्या आणि मागच्या शिवणीत दोरी लपवलेली, ओढली की घोळ वर आणि सोडली की साधा स्कर्ट. त्या काळात तिकडे सायकलवर घोळदार विजार घालून गेलं तरी गहजब व्हायचा. १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन या बाईंना त्या वेशात आहेत म्हणून सरे परगण्यातल्या एका हॉटेलने कॉफी रूममध्ये घ्यायला नकार दिला, केस झाली आणि त्या हरल्या. आपल्याकडचं उदाहरण मला जास्त आवडतं, तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या, त्यातल्या कितीतरी साडीतच. साडीत चालवायची असेल तर मधला दांडा नसलेली लेडीज सायकल, चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी, एवढं असलं की रोजच्या बाजारहाटाला काही अडत नाही. नऊवारी तर काष्ट्यामुळे अजून सोपी, फक्त पदर घट्ट खोचलेला हवा.

वरच्या अंगाला काय? स्पोर्ट्स ब्रा चांगली घ्या, मागे हुक नसलेली, कारण पाठीवर सॅक असली की हुक मणक्यात रुततं, आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे बघता पट्टे रुंदच हवेत. पांढरा टीशर्ट घामात किंवा पावसात नको, हे सांगायला नको. जर्सी मागे लांब असते आणि खाली रबरी पट्टी असते त्यामुळे कंबर उघडी पडत नाही, तो फायदा साध्या टीशर्टला नाही. जर्सी अंगाला चिकटलेली आवडत नसेल तर दोन साइज मोठी घेतली तरी चालते, जर्सीला पॅडचा नियम लागू नाही. फुल बाह्या मी हल्ली आवडीने घालते, टॅनिंगपासून सुटका आणि कुणाला काही वाटायचा प्रश्नच नाही. फक्त पहाटे अंधारात पूर्ण काळं घालू नका, ट्रकवाल्याला दिसलं पाहिजे, तिथे मर्यादशीलपणा कामाचा नाही.

लांबच्या राइडला खरा प्रश्न कपड्यांचा नसतो, बाथरूमचा असतो. बिब शॉर्ट्स म्हणजे खांद्यावर पट्टे असलेल्या, पोटाला इलॅस्टिक रुतत नाही म्हणून फार आरामाच्या, पण पेट्रोल पंपाच्या ओल्या फरशीवर, कडी नसलेल्या दाराला पाय लावून, आधी जर्सी पूर्ण काढायची, मग पट्टे, हे करून बघा एकदा! मी केलं, साताऱ्याच्या रस्त्यावर, परत नाही. बायकांसाठी मागून खाली ओढता येणाऱ्या बिब मिळतात, त्या घ्या, नाहीतर सरळ कमरेच्या शॉर्ट्स. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायची राइड) साडेतेरा तास असतात, तेवढ्या वेळात हे तीन-चार वेळा तरी येणार, आणि बाथरूम नको म्हणून पाणी न पिणं हा उपाय नाही, मैत्रिणीला त्यापायी युरीन इन्फेक्शन झालंय. पिशवीत एक जुना सुती रॅप-अराउंड ठेवा, लुंगीसारखा. झाडाआड जायची वेळ आली तर पडदा, धाब्यावर टेबलांमधून चालत जाताना अवघडायला झालं तर स्कर्ट, सिंहगडावर देवळात जायचं असलं तरी तोच. हलकासा कपडा आहे, सगळ्या शोभेच्या जर्सींपेक्षा जास्त उपयोगी.

पाळीत सॅनिटरी पॅडवर पॅडेड शॉर्ट्स म्हणजे घर्षणाला आमंत्रण, पॅडच्या कडा आणि चिकट पट्ट्या काचतात. कप किंवा टॅम्पॉन जमत असेल तर उत्तम, नसेल जमत तर त्या दिवशी छोटी राइड आणि गडद शॉर्ट्स. जांघेत घासू नये म्हणून क्रीम लावायचं ते राइडच्या आधी, आणि आदल्या दिवशी तिथे वॅक्स-शेव्ह काही करू नका, घाम आणि घर्षणाने हमखास केसतोड होतो, त्यावर बसणं काय असतं ते लिहिण्यासारखं नाही. घरी आलं की आधी शॉर्ट्स काढायच्या, मग चहा. ग्रुपबरोबर ओल्या शॉर्ट्समध्ये तासभर मिसळ खात बसणं हेही केसतोडाचं मोठं कारण. एक मात्र लक्षात ठेवा, बसल्यावर मुंग्या येत असतील किंवा बधिर होत असेल तर कपडे बदलून उपयोग नाही, सीटचा कोन, उंची, रुंदी बघा.

पावसाळ्यात मडगार्ड लावाच. नसलं की मागच्या चाकाचा चिखल बरोब्बर बुडापासून पाठीपर्यंत तपकिरी रेघ ओढतो आणि मग वरून काहीही घातलेलं असो, सगळं गाव बघतं. पाँचो नको, चाकाकडे उडतो, कमरेपर्यंतचं विंडचीटर बरं.

शॉर्ट्स प्रत्येक राइडनंतर धुवायच्या, उलट्या करून, गार पाण्यात, कम्फर्ट-बिम्फर्ट न घालता, आणि वाळवायच्या सावलीत, पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून. आमच्याकडे यावरूनच अडलं होतं. गॅलरीत दोरीवर पॅड बाहेर करून लटकवल्या तर सासूबाईंनी हात लावून बघितलं, 'ही एवढीशी गादी कुणाची गं?' म्हणाल्या, आणि मी सांगितल्यावर काही न बोलता त्यावर माझा टॉवेल पांघरला. समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं ना. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅड दमटच, आणि ती दमट चड्डी घालून गेले त्याच आठवड्यात केसतोड. आता आम्ही तडजोड केलीये, बाथरूमच्या खिडकीजवळ एक छोटी दोरी बांधली, तिथे वारा येतो आणि समोर कुणी नसतं. दोन जोड ठेवले की एक वाळत असतो. परवा सासूबाईंनीच संध्याकाळी दाबून बघितलं आणि आतून ओरडून सांगितलं, 'तुझी गादी अजून ओलीये, उद्या दुसरी घाल.'