बर ओक लावायचाय? या चुका टाळा

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, म्हणजे इलिनॉय, आयोवा, मिनेसोटा या राज्यांच्या पट्ट्यात मोकळं अंगण असेल, तर बर ओक या ओकच्या जातीपेक्षा चांगली निवड मला दिसत नाही. जाड सालीच्या जोरावर प्रेअरीतल्या, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांतल्या, वणव्यांना पुरून उरलेलं हे तिथलंच झाड. कडाक्याची थंडी, कोरडा उन्हाळा, चुनखडीची माती, सगळं सोसून ते दोन-तीनशे वर्षं जगतं. रोपटी मरतात ती बहुतेक आपल्याच हातून.

चुकांची सुरुवात झाड ओळखण्यापासूनच होते. खाली पडलेलं एक पान उचलून झाड ठरवू नका. बर ओकचं पान टोकाकडे रुंद असतं आणि मधोमध दोन्हीकडून खोल खाच असते, पण सावलीतल्या फांद्यांवर हीच खाच उथळ होते. शिवाय व्हाइट ओक, स्वॅम्प व्हाइट ओक यांच्याशी त्याचा संकर होतो. पानाच्या पाळ्या (खाचांमधले पुढे आलेले भाग) टोकदार आणि त्यांवर कुसळं दिसली, तर ते झाड रेड ओकच्या गटातलं. खात्री करायची तर एकॉर्नची, म्हणजे ओकच्या फळाची, टोपी पाहा. ती अर्धं किंवा त्याहून जास्त फळ झाकते आणि कडेला झालर असते. पुष्कळ फांद्यांवर बुचासारख्या उभट कडाही सापडतात. एकॉर्नच्या आकारावर मात्र विसंबू नका. दक्षिणेकडे ते चांगले मोठे होतात, उत्तरेत बरेच लहान.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे एकॉर्न बरणीत भरून वसंतापर्यंत घरात ठेवणं. वाल-हरभऱ्याचं बी वाळवून ठेवायची आपल्याला सवय, पण ओकचं बी वाळलं की मेलं. गोळा केल्यावर टोप्या काढा, पाण्यात टाका, तरंगणारे आणि बारीक गोल भोक पडलेले बाजूला काढा. भोक म्हणजे आतला किडा खाऊन बाहेर पडलेला. उरलेले त्याच शरद ऋतूत, आडवे, दोन-तीन सेंटीमीटर खोल पेरा. वरून तारेची जाळी हवीच, नाहीतर खारी एकही शिल्लक ठेवत नाहीत. पेरणी लांबणार असेल तर ओलसर वाळूत, फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. आणि बी शक्यतो जवळपासच्या झाडाचं घ्या. टेक्सासच्या झाडाचं बी मिनेसोटाच्या हिवाळ्यासाठी घडलेलं नसतं.

उथळ कुंडीत रोप वाढवू नका. सोटमूळ पहिल्याच हंगामात मीटरभर खाली जाऊ शकतं. अडलं की तळाशी गोल फिरतं आणि पुढे झाड कमकुवत होतं. वरची वाढ पहिली काही वर्षं मंद दिसते, म्हणून खत ओतायची घाई करू नका, मूळ आपलं काम करत असतं. घरापासून निदान दहा मीटर अंतर सोडा.

आच्छादन घालताना भुसा खोडाला चिकटवून ढीग रचणं फार दिसतं. त्याने साल कुजते. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं तो भाग उघडा राहू द्या. पानांवर गाठी आल्या तर फवारणीची गरज नाही, झाडाला त्या सहसा बाधत नाहीत.

छाटणी हिवाळ्यातच करा. मध्य-पश्चिमेत एप्रिल ते जुलै या काळात ताज्या जखमेच्या वासाने भुंगेरे येतात आणि ओक विल्ट या ओकला मारणाऱ्या रोगाच्या बुरशीचे बीजाणू सोबत आणतात. रेड ओक काही आठवड्यांत जातो. बर ओक जास्त तग धरतो, पण पूर्ण सुरक्षित नाही. या काळात वादळात फांदी मोडलीच, तर त्या जखमेवर लगेच रंग लावा, एरवी जखमेला रंग नको.