खेळाडूची जिद्द मोजताय? या चुका टाळा

हॉकीच्या निवड चाचणीत अनेकदा ‘मेहनत’ आणि ‘जिद्द’ला १० पैकी गुण द्यायचा रकाना असतो आणि घोटाळा तिथेच होतो. एकाच मुलाला एक प्रशिक्षक ४ देतो, दुसरा ८. जिद्द थेट मोजता येत नाही. तिच्यातून घडणारी कृती मात्र नक्की मोजता येते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नुसते प्रसंग मोजणं, संधी न मोजणं. चेंडू गमावल्यानंतरचे ५ सेकंद पाहा. खेळाडूने स्वतः चेंडू गमावला किंवा त्याच्यापासून १० मीटरच्या आत संघाने गमावला, की एक संधी धरा. तो लगेच वळून जोरात धावला आणि स्टिक जमिनीलगत धरून चेंडूची वाट अडवली, तर एक प्रतिसाद. १२ संधींत ९ प्रतिसाद म्हणजे ७५ टक्के. दहापेक्षा कमी संधी असतील तर टक्के काढूच नका. पहिल्या आणि चौथ्या क्वार्टरचे आकडे वेगळे ठेवा, खरा फरक तिथे दिसतो. अंगावर धावून केलेला फाऊल प्रतिसादात धरायचा नाही: हिरवं कार्ड मिळालं तर संघ २ मिनिटं एका खेळाडूने कमी पडतो, आणि स्वतःच्या गोलकडच्या २३ मीटर भागात मुद्दाम फाऊल केला तर समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलची मोठी संधी मिळते.

प्रशिक्षकानेच मागे थांबायला सांगितलं असेल, तर न धावणारा मुलगा आळशी ठरत नाही. आधी डावपेच विचारून घ्या.

खेळाडूच्या अंगावरच्या जीपीएस यंत्राने मोजलेलं एकूण अंतरही फसवं. हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर होतात, म्हणून अंतराला मैदानावरच्या मिनिटांनी भागा आणि फॉरवर्डची तुलना फॉरवर्डशीच करा. नाशिकमध्ये जानेवारीच्या गार सकाळचे हृदयाचे ठोके मे महिन्यातल्या दुपारशी ताडून पाहू नका; उन्हात तेवढ्याच वेगाला ठोके वाढतात. मातीच्या मैदानावरचे आकडेही टर्फच्या (कृत्रिम गवताच्या) आकड्यांशी जुळवू नयेत.

चित्रीकरणात मोबाइल चेंडूमागे फिरवला, की नेमकी चेंडूविना केलेली धाव निसटते. मध्यरेषेजवळ, गॅलरीत किंवा गच्चीवर ट्रायपॉड लावा. दोघांनी एकमेकांना न विचारता मोजा. आकडे जुळले नाहीत तर खेळाडूला दोष न देता संधीची व्याख्या नेमकी करा.

स्पर्धावृत्तीसाठी सरावात ४ विरुद्ध ४ असे ४ मिनिटांचे डाव खेळवा, काही गोल मोजून, काही न मोजता. त्याच खेळाडूचे दोन्हींतले प्रतिसादाचे टक्के शेजारी लिहा; हार-जीत असताना तो किती बदलतो ते दिसेल.