एसी किती, ते नंतर. कसा काढलास, ते आधी

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या खेळात नव्या खेळाडूची कॅरेक्टर शीट (त्याच्या पात्राच्या आकड्यांचा कागद) हातात आली की मी सगळ्यात आधी एसीचा, म्हणजे बचावाच्या आकड्याचा, चौकोन बघते. दिवसभर ऑडिटमध्ये लोकांच्या बेरजा तपासते, शनिवारी रात्री डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरच्या) खुर्चीत बसले तरी ती सवय जात नाही. आणि तो आकडा बहुतेक वेळा फुगलेला असतो. उदाहरणार्थ, बार्बेरिअन, म्हणजे रानटी योद्ध्याचा क्लास (पात्राचा प्रकार). लुटीत हाफ प्लेट चिलखत मिळालं, त्याचे १५. डेक्सचे (डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाईचे) २. ढालीचे २. क्लासमध्ये 'अनार्मर्ड डिफेन्स' लिहिलेलं दिसलं म्हणून कॉन्स्टिट्यूशनचेही (काटकपणाचेही) ३. एकूण २२, आणि गडी खूश. माझ्या गॉब्लिनचा हल्ल्याचा बोनस +४ असतो. त्या बिचाऱ्याला वीस बाजूंच्या फाशावर १८ पाडल्याशिवाय याला ओरखडासुद्धा काढता येणार नाही.

खरा आकडा १९ आहे. का, ते सांगते. हे सगळं डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीबद्दल आहे, म्हणजे २०१४ चे नियम. आमच्या टेबलावर अजून तेच चालतात. २०२४ च्या पुस्तकात जिथे मोठा बदल झाला, तिथे तसं सांगेन.

पाया एकच

एसी म्हणजे आर्मर क्लास: शत्रूचा फासा अधिक त्याचा बोनस या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त झाला, तर वार लागला. काढण्याची रीत दोन पायऱ्यांची. आधी एक पाया निवडायचा, फक्त एक. मग त्यावर भर घालायची.

अंगावर काहीच नसेल तर पाया १० + डेक्स. लेदर घातलं तर ११ + डेक्स, स्टडेड लेदर १२ + डेक्स. मध्यम चिलखतांत डेक्स मोजतात, पण २ च्या वर नाही: चेन शर्ट १३, स्केल मेल आणि ब्रेस्टप्लेट १४, हाफ प्लेट १५. जड चिलखतांत डेक्स मोजतच नाहीत: चेन मेल १६, स्प्लिंट १७, प्लेट १८. यात एक छुपा फायदा आहे. डेक्सचा गुण ८ असलेल्या, म्हणजे ज्याचा डेक्सचा बोनस उणे एक आहे अशा, पाय अडखळत चालणाऱ्या पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) तो उणे एकही मोजला जात नाही. प्लेटमध्ये तो १८ च.

आता क्लासचे आणि मंत्रांचे पाये. बार्बेरिअनला चिलखत नसताना १० + डेक्स + कॉन्स्टिट्यूशन, आणि ढाल चालते. मंकला १० + डेक्स + विजडम, पण ढाल घेतली की ते गेलं. 'मेज आर्मर' मंत्र लावला तर ८ तास १३ + डेक्स. हे सगळे पर्यायी पाये आहेत, एकमेकांवर चढत नाहीत. म्हणून आपल्या बार्बेरिअनला निवड करायची आहे: हाफ प्लेटवाला पाया (१५ + २, ढाल धरून १९) की उघड्या अंगाचा (१० + २ + ३, ढाल धरून १७). दोन्ही एकदम नाही.

भर मात्र चढत जाते. ढाल +२. फायटरची 'डिफेन्स' शैली +१, पण अंगात चिलखत असेल तरच. आडोसा मिळाला, म्हणजे अर्धी भिंत किंवा उलथलेलं टेबल, तर +२. तीन-चतुर्थांश अंग झाकलं तर +५. आडोसा लोक हमखास विसरतात. माझ्याकडे फुकटात +५ मिळवायची सोय नकाशावर काढून ठेवलेली असते आणि खेळाडू मोकळ्या चौकात उभे राहून बाण खातात. त्यांची मर्जी.

अजून एक: जे चिलखत वापरायची प्रोफिशियन्सी (सराव) नाही ते अंगात चढवलं, तर ताकदीच्या आणि डेक्सच्या प्रत्येक वेळी फासा दोनदा टाकून लहान आकडा धरायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेज, आणि मंत्र म्हणता येत नाहीत. विझार्डने (जादूगाराने) मेलेल्या सरदाराचं चिलखत काढून घालायची कल्पना दरवर्षी कोणाला तरी सुचतेच.

एक आकडा वाढल्याने काय होतं

ऑर्कचा बोनस +५. तुमचा एसी १२ असेल तर त्याला ७ किंवा जास्त हवेत, म्हणजे वीसपैकी १४ वेळा तो मारणार. १३ केलात तर १३ वेळा. मार चौदाव्या हिश्शाने कमी झाला, फारसं जाणवणार नाही. पण एसी २० असताना तो वीसपैकी ६ वेळा मारतो, आणि २१ झाला की ५ वेळा. आता मार थेट एक-षष्ठांशाने घटला. म्हणजे +१ ची किंमत आधीच भक्कम असलेल्याला जास्त. फक्त २० पडले की वार लागतोच, एसी कितीही असो.

यावरून कोणी म्हणेल, सगळी जादूची राखण फायटरलाच द्या. माझं मत वेगळं आहे. 'क्लोक ऑफ प्रोटेक्शन' हा झगा आणि 'रिंग ऑफ प्रोटेक्शन' ही अंगठी एसीला +१ देतात, पण त्याचबरोबर सगळ्या सेव्हिंग थ्रोनाही (धोक्यातून वाचायला टाकायच्या फाशांनाही) +१ देतात. फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) एसी बघत नाही. २० फूट त्रिज्येच्या वर्तुळात सगळ्यांना डेक्सची सेव्ह टाकायला लावतो आणि चुकली की ८ डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) इतका मार, सरासरी २८. शिवाय एखादा मंत्र कन्सन्ट्रेशनवर (एकाग्रतेवर) टिकवून धरलेल्या क्लेरिकला (पुजारणीला) मार बसला की, तो टिकवायला कॉन्स्टिट्यूशनची सेव्ह टाकावी लागते. तो झगा मी तिच्या अंगावर घालेन. 'ब्लेस' टिकला तर तिघांचं भलं होतं.

झगा आणि अंगठी एकत्र चालतात का, हा प्रश्न नेहमी येतो. चालतात, नावं वेगळी आहेत. दोन सारख्या अंगठ्या घातल्या तर मात्र एकच धरायची. शंका येते ती जुन्या खेळांमुळे: १९९८ च्या पहिल्या बाल्डर्स गेट या कॉम्प्युटर गेममध्ये जादूचं चिलखत घातलं की रिंग ऑफ प्रोटेक्शन चढवूच देत नसत, आणि वर तिथे एसी जितका कमी तितका चांगला. ते गणित २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत उलटलं. तेव्हा सीडीवर खेळलेली मंडळी अजूनही 'एसी उणे चार' म्हणतात. त्यांना हळूच समजवा.

खरा अडसर आहे अट्यून्मेंट. अशा जादूच्या वस्तूशी नातं जोडायला एक शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) लागते आणि एका वेळी तीनच जोडता येतात. आमच्या गटातल्या विझार्डचा हिशेब बघा: मेज आर्मर आणि डेक्सचे ३ मिळून १६, 'ब्रेसर्स ऑफ डिफेन्स'चे २ (चिलखत आणि ढाल नसेल तरच, मेज आर्मर हे चिलखत नव्हे, म्हणून चालतं), झग्याचा १, अंगठीचा १. एसी २०! साध्या कपड्यातला माणूस प्लेट आणि ढालवाल्या फायटरइतका भक्कम. पण त्याच्या तिन्ही जागा संपल्या, आणि फायटरच्या तिन्ही रिकाम्या आहेत. विझार्डला नंतर चांगली काठी सापडली तेव्हा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाल्डर्स गेट ३ मध्ये ही तीनची मर्यादाच नाही, म्हणून तिथून आलेले खेळाडू दहा बोटांत दहा अंगठ्या घालून येतात.

अडमँटिन चिलखताला अट्यून्मेंट लागत नाही आणि क्रिटिकलचा (२० पडल्यावर बसणाऱ्या जबर वाराचा) साधा वार होतो. सापडलं तर विकू नका.

वेळ आणि आवाज

ही बाजू शीटवर दिसत नाही, म्हणून इथे थोडी रेंगाळते. जड चिलखत चढवायला १० मिनिटं, उतरवायला ५. मध्यम चढवायला ५, उतरवायला १. हलकं दोन्हीला एकेक मिनिट. ढालीला आपल्या पाळीतली मुख्य कृती, म्हणजे एक अ‍ॅक्शन. लढाईचा एक राउंड (फेरी) ६ सेकंदांचा. १० मिनिटं म्हणजे १०० राउंड, आणि आमची लढाई बहुधा पाचव्या राउंडच्या आत निकालात निघते. म्हणजे रात्री छावणीवर हल्ला झाला तर प्लेटवाला पॅलाडिन ती अख्खी लढाई सदऱ्यावर लढणार: एसी १८ वरून ९. मग चिलखतातच झोपू का? मूळ नियम अडवत नाही. 'झॅनाथार्स गाइड' या पुरवणी पुस्तकात ऐच्छिक नियम आहे: मध्यम किंवा जड चिलखतात झोपलं तर खर्चलेल्या हिट डाइसपैकी (विश्रांतीत जखमा भरायच्या फाशांपैकी) एक-चतुर्थांशच परत मिळतात आणि थकवा उतरत नाही. मी तो लावते. पहारे कसे लावायचे यावर त्यानंतर खेळाडू नीट चर्चा करायला लागले.

आवाजाचं म्हणाल तर स्केल मेल, हाफ प्लेट आणि सगळी जड चिलखतं लपण्याच्या फाशाला डिसअ‍ॅडव्हांटेज देतात. ब्रेस्टप्लेट ४०० सोन्याची नाणी, हाफ प्लेट ७५०. साडेतीनशे जास्त मोजून एक आकडा वाढतो आणि खणखणाट पदरी पडतो. माझ्या हाताने पैसे खर्चायचे तर ब्रेस्टप्लेट. त्याहून स्वस्त चेन शर्ट, ५० नाण्यांत. तो कपड्यांच्या थरांमध्ये घालायचा असतो आणि वाजत नाही. अफझलखानाच्या भेटीची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या पोरांना अंगरख्याखालचं चिलखत वेगळं समजवावं लागत नाही. दरबारात निःशस्त्र जायचा प्रसंग आला की बरोबर तोच मागतात.

ताकदीची अटही बघा. चेन मेलला १३, स्प्लिंट आणि प्लेटला १५. कमी असेल तर वेग १० फुटांनी घटतो.

दोन हातांत दोन शस्त्रं

सिनेमात छान दिसतं, म्हणून सगळ्यांना हवं असतं. नियम असा: अटॅक अ‍ॅक्शन घेऊन एका हातातल्या 'लाइट' शस्त्राने वार केला की बोनस (पाळीतल्या जादा) अ‍ॅक्शनमध्ये दुसऱ्या हातातल्या दुसऱ्या लाइट शस्त्राने आणखी एक वार. लाइट म्हणजे खंजीर, शॉर्टसोर्ड, सिमिटार, हातकुऱ्हाड वगैरे. रेपिअर लाइट नाही, लाँगसोर्ड तर नाहीच. आणि दुसऱ्या वाराच्या नुकसानीत डेक्सचा किंवा ताकदीचा बोनस धरायचा नाही, 'टू-वेपन फायटिंग' शैली घेतली असेल तरच धरायचा.

आता हिशेब. बोनस +३, वार लागण्याची शक्यता ६० टक्के, क्रिटिकल सोडून देऊ. दोन शॉर्टसोर्ड: ६.५ आणि ३.५, मिळून १०, त्याचे ६० टक्के म्हणजे ६. दोन हातांची ग्रेटसोर्ड: ७ + ३ = १०, तेही ६. बरोबरी. शैली घेतली तर दोन तलवारी ७.८ वर जातात, म्हणजे पहिल्या लेव्हलला पुढे. पाचव्या लेव्हलला दोन वार मिळाले की ग्रेटसोर्ड १२ आणि शैलीसकट दोन तलवारी ११.७. पुढे अंतर वाढतच जातं, कारण बोनस अ‍ॅक्शनचा वार एकच राहतो.

याच्यासाठी काय सोडलंत? ढालीचे २. आणि बोनस अ‍ॅक्शन. दुसरीच किंमत जास्त टोचते. रेंजरला 'हंटर्स मार्क' मंत्र लावायला किंवा हलवायला बोनस अ‍ॅक्शन लागते, बार्बेरिअनला रेज (संताप) सुरू करायला लागते, रोगला (चोराच्या क्लासला) पळायला किंवा लपायला लागते. एका शेगडीवर दोन कुकर चढत नाहीत. मंत्र म्हणणाऱ्याची अडचण आणखी वेगळी: 'शील्ड' मंत्र एसी पाचने वाढवतो, पण हातवारे करायला एक हात मोकळा हवा. दोन्ही हातांत तलवारी असतील, किंवा तलवार आणि ढाल, तर 'वॉर कास्टर' फीट (पात्राला घेता येणारं खास कसब) घ्या.

तरीही एका क्लासला मी स्वतःहून दोन शस्त्रं सुचवते: रोग. स्नीक अटॅक (रोगच्या वाराला मिळणारा जादा मार) एका टर्नमध्ये एकदाच लागतो, कुठल्या वाराला ते महत्त्वाचं नाही. ६० टक्क्यांच्या एका वाराऐवजी दोन संधी मिळाल्या की निदान एक तरी लागण्याची शक्यता ८४ टक्के होते. पहिला लागला तर दुसऱ्याची गरजच नाही. बोनस अ‍ॅक्शन वापरून सटकायचं. पहिला चुकला तरच दुसरा हात.

२०२४ च्या नियमांत 'निक' नावाची वेपन मास्टरी (शस्त्रावरचं प्रभुत्व) आली. खंजीर, सिकल, सिमिटार किंवा लाइट हॅमर वापरलं आणि ती मास्टरी तुमच्याकडे असली, तर जादा वार अटॅक अ‍ॅक्शनमध्येच बसतो, बोनस अ‍ॅक्शन मोकळी. दोन शस्त्रांचं दुखणं त्याने बरंचसं बरं झालं. उलट 'ड्युअल विल्डर' फीट २०१४ मध्ये एसीला +१ द्यायचं, ते २०२४ मध्ये काढून टाकलं. जुन्या शीटवरून नवी उतरवताना हा +१ हमखास चुकून तसाच राहतो.

शेवटी, आमच्याकडे कोणी ना कोणी मागतंच ते: दोन्ही हातांत दांडपट्टा. पुस्तकात तो नाही. मी त्याला लाँगसोर्डचे आकडे देते, डी८, पण लाइट मानत नाही; पातं लांब असतं. म्हणजे दोन पट्टे हवे असतील तर २०१४ चं ड्युअल विल्डर घ्यावंच लागेल, कारण त्यातच लाइट नसलेली शस्त्रं दोन्ही हातांत चालतात. पट्टा धरलेला हात त्याच्या मुठीच्या आवरणात बंद असतो, म्हणून हातातून शस्त्र पाडायचे शत्रूचे प्रयत्न माझ्या टेबलावर फसतात. बदल्यात त्या हाताने दार उघडता येत नाही, औषधाची बाटली धरता येत नाही, मंत्राचे हातवारेही नाहीत, आणि पट्टा चढवायला किंवा काढायला ढालीसारखीच एक अ‍ॅक्शन जाते. दोन पट्टे म्हणजे दोन अ‍ॅक्शन. एवढं ऐकूनही ज्याला हवे असतात, त्याला मी देते.