हीट पाइप अणुभट्टी सुरू करताना या चुका टाळा

हीट पाइप म्हणजे अणुभट्टीच्या गाभ्यातली उष्णता बाहेर नेणारी बंद नळी: गरम टोकाला सोडियमची वाफ होते, थंड टोकाला तिचा द्रव होतो आणि आतल्या बारीक जाळीतून तो परत येतो. छोट्या अणुभट्टीच्या स्टार्टअपचं कंट्रोल लॉजिक घेऊन कोणी आलं की मी आधी विचारतो, पाइपमधलं सोडियम कुठवर पोचलंय? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. न्यूट्रॉनचं गणित मात्र चोख असतं.

माझ्या डोक्यात जाणारी चूक हीच: पाइप पहिल्या मिनिटापासून उष्णता वाहून नेतो असं धरून चालायचं. सोडियम ९८ अंश सेल्सियसला वितळतं, पण तेवढ्याने पाइप चालू होत नाही. ३०० अंशांना त्याचा बाष्पदाब जेमतेम दोन पास्कल असतो. इतकी विरळ वाफ लगेच ध्वनीच्या वेगाला पोचते आणि तिथेच अडते. मग मागून कितीही शक्ती लावा, उष्णता इंधनातच साचते.

एका टेस्ट रिगवर, म्हणजे चाचणीच्या मांडणीवर, हे समोर घडलं. इंधन नव्हतं, नुसते इलेक्ट्रिक हीटर होते, हे नशीब. घाईत असलेल्या एका नव्या इंजिनिअरने हीटर थेट पूर्ण शक्तीवर नेले. गरम टोक लाल झालं, तरी दुसऱ्या टोकाचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, ढिम्म. त्याने ठरवलं, थर्मोकपल सैल झालाय! थर्मोकपल बरोबरच होता. वाफ थंड टोकाला जाऊन गोठत होती, परत येत नव्हती. गरम टोकाची जाळी कोरडी पडली, तापमान उसळलं आणि ट्रिप बसली, म्हणजे सुरक्षा यंत्रणेने हीटर आपोआप बंद केले. पुढे थंड टोक हळूहळू तापवून सोडियम परत आणण्यात उरलेला दिवस गेला. वाचवलेला वेळ असा वसूल होतो.

मी ४०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात थांबतो. गरम आघाडी, म्हणजे तापलेल्या भागाची पुढे सरकणारी कड, प्रत्येक पाइपच्या शेवटापर्यंत गेलेली दिसली की मगच थंड टोकाकडून उष्णता घेणाऱ्या इंजिनाचा भार जोडतो. प्रत्येक पाइपच्या, सरासरीच्या नव्हे. सरासरीत मेलेला पाइप लपतो आणि त्याचा बोजा शेजाऱ्यांवर पडतो.

दुसरा आजार म्हणजे कडक पीआयडी, म्हणजे तापमान सेटपॉइंटवर ठेवायला सतत दुरुस्ती करत राहणारा आपोआप चालणारा कंट्रोलर. ड्रम, म्हणजे गाभ्याभोवतीचा साखळी प्रक्रिया कमी-जास्त करणारा फिरता दंडगोल, फिरवला तरी तापमान उशिरा हलतं. कंट्रोलर धीर सोडून आणखी फिरवतो, मग सेटपॉइंट ओलांडून धावत परत येतो. अरे, इंधन तापून प्रसरण पावलं की रिॲक्टिव्हिटी, म्हणजे साखळी प्रक्रिया वाढण्याचा कल, आपोआप उतरते! २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात आठ सोडियम पाइपांची क्रस्टी ही प्रायोगिक भट्टी २८ तास चालवली, तेव्हा भार वाढवला-घटवला तरी तिने आपली शक्ती आपणच जुळवून घेतली. ड्रम थोडा फिरवा, थांबा, पीरियड (शक्ती किती वेळात वाढते ते) बघा. चाळे नकोत.

ड्रमचा अंश आणि रिॲक्टिव्हिटी यांचं नातं सरळ रेषेचं नसतं. मधला एक अंश टोकाच्या अंशापेक्षा कितीतरी भारी पडतो. सुरुवातीला न्यूट्रॉन पुरवणारा स्रोत दुबळा असताना डिटेक्टरवरचे न्यूट्रॉनचे काउंट वाढत नाहीत म्हणून ड्रम ढकलत राहणं तर निव्वळ वेडेपणा आहे.

आणि बंद करतानाही घाई नको. भार आधी काढा. सोडियम थंड टोकाला गोठून राहिलं, तर पुढचा स्टार्टअप कोरड्या जाळीनेच सुरू होईल.